बहात्तरच्या दुष्काळातली मातीकामं : माणसाच्या बळावर बांधकाम कुठे टिकतं, कुठे हरतं

१९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख भरली होती. म्हणजे तान्ही पोरं आणि म्हातारीकोतारी धरूनही दर दहा माणसांतलं एक त्या महिन्यात माती उकरत होतं, वाहत होतं किंवा दगड फोडत होतं. हाताशी टिकाव, फावडं, पहार, घमेलं, आणि बायकांच्या डोक्यावर चुंबळ. यंत्र म्हणावं असं काही जागेवर असलंच तर एखादा रोलर, आणि तोही बऱ्याच ठिकाणी नव्हता.

या दुष्काळाबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हांनी बोललं जातं. एक, लोकांनी मिलो म्हणजे परदेशी तांबडी ज्वारी खाऊन, सुकडी म्हणजे कामावर मिळणारं कोरडं खाणं खाऊन, उन्हातान्हात राबून तग धरला. दोन, सरकारनं नुसती खडी फोडून घेतली आणि पैसा मातीत घातला. दोन्हींत तथ्य आहे. पण बांधकामाच्या अंगानं जो प्रश्न विचारायला हवा तो दोन्हींकडे सुटतो: माणसाच्या शरीराला कोणतं काम दिलं होतं, ते त्या शरीराला झेपणारं होतं का, आणि झालेलं काम पहिल्या पावसात टिकलं का? हे टिपण त्या प्रश्नासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसाचं बळ हे यंत्राचं गरिबाघरचं रूप नाही. त्याची आखणी वेगळी करावी लागते, आणि बहात्तरला जिथे ती केली गेली तिथे काम उभं राहिलं. जिथे यंत्रासाठी काढलेला आराखडाच माणसांच्या हाती दिला गेला, तिथे माणसंही झिजली आणि कामही फसलं.

काम द्या

१९७० पासून पावसानं ओळीनं दगा दिला आणि १९७२ चा हंगाम पुरताच गेला. नगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद, सोलापूर, सांगली, सातारा, पुण्याचा पूर्व भाग हे कायमचे अवर्षणप्रवण पट्टे तर होतेच, या वेळी त्यांच्या बाहेरही झळ पोचली. १९७२-७३ मध्ये राज्यात धान्याचं उत्पादन नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं. शेतमजुराला शेतात काम नव्हतं आणि चार-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरीही त्याच रांगेत येऊन उभा राहिला. मोर्चे निघत होते आणि त्यांची मागणी धान्य फुकट वाटा अशी नव्हती. मागणी होती, काम द्या.

त्यामागे एक विचार आधीपासून शिजत होता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम हा प्रयोग करून पाहिला होता. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना म्हणून तो राज्यभर न्यायचं ठरलं. पण दुष्काळानं एवढं मोठं तोंड उघडलं की प्रत्यक्षात आधी सरसकट टंचाईची कामंच काढावी लागली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. मजुरी रोख द्यायची, धान्य रेशन दुकानातून आणि बाजारातून यायचं, आणि जिल्हाधिकाऱ्यापासून कामाची मापं घेणाऱ्या ओव्हरसियरपर्यंत सगळी यंत्रणा कामं काढण्यात गुंतवायची, असा तो मार्ग होता.

यंत्रं का नाहीत, हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारलाही नसता. देशात मातीकामाची यंत्रं मोजकी होती आणि ती मोठ्या धरणांवर होती. पण ती मुबलक असती तरी निर्णय हाच योग्य ठरला असता, कारण गरज तलावाची होती त्याआधी मजुरीची होती. डिझेलवर खर्च झालेला रुपया गावाबाहेर जातो. मजुरीत दिलेला रुपया त्याच आठवड्याच्या बाजारात धान्यावर खर्च होतो, आणि व्यापाऱ्याला त्या भागात धान्य आणावंसं वाटतं. अर्थशास्त्रज्ञ जाँ द्रेझ यांनी या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला आहे. त्या वर्षी महाराष्ट्रात दरडोई धान्य त्याच सुमाराच्या आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यापेक्षाही कमी होतं, आणि तरी इथे दुष्काळाचं रूपांतर मोठ्या मृत्युकांडात झालं नाही. त्याचं मोठं श्रेय ते या मजुरीला देतात.

एक घनमीटर माती, सहा किलोमीटर चाल

आता शरीराचा हिशेब. धडधाकट माणूस आठ तास नेटानं राबला तर सरासरी ७५ वॉटच्या आसपास शक्ती देतो. दिवसभराचे झाले ०.६ युनिट. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते आणि इंजिन त्यातला तिसरा हिस्सा कामाला लावतं. म्हणजे एक लिटर डिझेल पाच माणसांच्या अख्ख्या दिवसाला भारी पडतं. हा आकडा लपवून माणसाच्या बळाची बाजू घेता येत नाही, घेऊही नये.

पण माणसाचे हे ०.६ युनिट तरी कुठे जातात ते पाहण्यासारखं आहे. एक घनमीटर न हललेली माती वजनाला दीड ते पावणेदोन टन भरते. घमेल्यात १७ किलो धरले तर साधारण १०० खेपा. खड्डा ते बांध अंतर ३० मीटर असेल तर एका खेपेचे जाऊन-येऊन ६० मीटर, आणि १०० खेपांचे सहा किलोमीटर. एक घनमीटर माती हलवायला कुणीतरी बाई सहा किलोमीटर चालते, त्यातले तीन डोक्यावर ओझं घेऊन. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. त्याचे सतरा किलोमीटर. अंतर ६० मीटर झालं की दुप्पट.

त्यात बांध उंच होत गेला की दुसरी गोष्ट घडते. १७ किलोचं घमेलं वर जाताना ४५ किलोची बाईही वर जाते. ६२ किलो उचलले त्यातले उपयोगाचे फक्त १७, एक चतुर्थांशाच्या थोडंसं वर. दहा मीटर उंचीच्या तलावाच्या बांधावर शेवटचे थर टाकताना तिचं बळ मुख्यतः स्वतःला वर नेण्यात खर्च होतं. सरकारी दरसूचीत यासाठी लीड आणि लिफ्ट अशी दोन मापं असतात, ठरावीक अंतराच्या आणि उंचीच्या पुढे जादा दर मिळतो. दर वाढला तरी शरीराला पडणारा ताण कमी होत नाही.

या एका हिशेबातून कामांची क्रमवारी आपोआप लागते. शेताची बांधबंदिस्ती किंवा डोंगरउतारावरचा समतल चर घ्या. उकरलेली माती हातभर अंतरावर बाजूलाच टाकायची असते. चाल नाही, चढ नाही, जवळजवळ सगळं बळ उकरण्यात लागतं. माणसाच्या शरीराला याहून सोयीचं मातीकाम नाही. त्यानंतर छोटे नाला बांध. पाणी जमिनीत मुरवण्यासाठी नाल्यावर घातलेल्या पाझर तलावाचा उंच बांध सगळ्यात शेवटी. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी, की एका जागी हजारभर माणसं लावता येतात म्हणून प्रशासनाला सोयीचा होता तो पाझर तलावच. शेताशेतांत विखुरलेल्या बांधबंदिस्तीवर हजेरी घ्यायला आणि मापं टाकायला तेवढे ओव्हरसियर आणायचे कुठून?

उंच बांधासाठीही मार्ग होते. उतारावर माणसांची साखळी लावून घमेली हातोहात वर दिली की फक्त माती चढते, माणूस जागीच राहतो. माणसं भरपूर आणि अंतर थोडं, अशा वेळी ही पद्धत फार चांगली चालते. पल्ला लांब असेल तर हातगाडा हवा, एका खेपेत घमेल्याच्या तिप्पट-चौपट माती जाते. जागतिक बँकेनं १९७१ पासून भारतात आणि इंडोनेशियात बांधकामावर माणसं विरुद्ध यंत्रं असा मोठा अभ्यास केला. त्याचा एक ठळक निष्कर्ष हाच होता की चांगली अवजारं, नीट आखणी आणि वेळेवर मजुरी असली तर माणसाचं काम खर्चात यंत्राच्या जवळ जातं, एरवी नाही. दुष्काळी कामांवर मात्र अवजारं बहुतेक मजुरांची स्वतःची, घरून आणलेली. टिकावाला पाणी चढवायला लोहार नाही, हातगाडा नाही, गाडा जाईल अशी फळ्यांची वाट नाही. पन्नास लाख माणसांच्या मजुरीचा विचार झाला आणि त्यांच्या अवजाराचा झाला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत महाग पडलेली चूक आहे.

आपल्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मातीकाम करणारे वडार आणि बेलदार होते. माती वडार, गाडी वडार, दगड वडार अशी त्यांच्यात कामाची वाटणीच आहे. गाढवाच्या पाठीवर किती माती घालायची, खड्ड्याची वाट कोणत्या उताराला ठेवायची, जमीन कडक लागली तर कुठून फोडायची, हे त्यांना अंगवळणी पडलेलं. शेतकरी मजुराला हे येत नव्हतं आणि येण्याचं कारणही नव्हतं. प्रत्येक मोठ्या कामावर चार जाणते वडार शिकवायला म्हणून मानानं नेमले असते तर किती पाठी वाचल्या असत्या.

खडी

सुरुवातीला सर्वांत जास्त निघालं ते खडी फोडण्याचं काम, आणि त्याच्यावर टीकाही सर्वांत जास्त झाली. ते का निघालं हे समजून घेतलं पाहिजे. त्याला सर्वेक्षण लागत नाही, जमीन संपादन लागत नाही, आराखडा लागत नाही. आज मोर्चा आला तर परवा काम सुरू करता येतं आणि पाऊस पडला की त्याच दिवशी थांबवता येतं. रस्त्याच्या कडेला ढीग रचला की ब्रासमध्ये माप टाकणं सोपं. म्हणजे ज्या तहसीलदाराच्या दारात हजार उपाशी माणसं बसली आहेत, त्याच्याकरता खडी हे हाताशी असलेलं एकमेव उत्तर होतं.

बांधकाम म्हणून मात्र ते काम वाया गेल्यासारखंच. इतके रस्ते करायला डांबर, रोलर आणि पैसा नव्हता, त्यामुळे ढीग कडेलाच राहिले. आणि हातोड्यानं खडी फोडणं हे मातीकामापेक्षा वाईट आहे. डोळ्यांत कपच्या उडतात, धूळ छातीत जाते, मनगटं सुजतात, आणि एका जागी उन्हात बसून हे सगळं. इथे क्रशर यंत्र आलं असतं तर कुणाच्याही तोंडचा घास न हिरावता आलं असतं, कारण त्याच माणसांना करण्यासारखी मातीकामं शिवारात पडून होती. ती कागदावर तयार नव्हती, एवढंच. पुढे सरकारनंही ओळखलं आणि दुष्काळाच्या उत्तरार्धात पाझर तलाव, नाला बांध, बांधबंदिस्ती यांच्यावर भर आणला. कामांचे तयार आराखडे तालुक्याच्या कपाटात आधीपासून असले पाहिजेत, हा नियम रोजगार हमीत आला त्याचं मूळ या खडीच्या ढिगांत आहे.

पाण्यावाचून दाबलेला बांध

पाझर तलावाचं काम समजायला सोपं. नाल्याला आडवा मातीचा बांध घालायचा, पोटात काळ्या चिकण मातीचा गाभा, बाहेरून मुरूम, पाण्याच्या बाजूला दगडाचं पिचिंग म्हणजे रचलेलं अस्तर, आणि जादा पाणी जायला एका अंगाला सांडवा. गाभ्याखाली खालच्या पक्क्या थरापर्यंत चर खणून तोही चिकण मातीनं भरायचा. साठलेलं पाणी तळातून मुरून खालच्या विहिरींना पोचावं ही अपेक्षा. पाणी तळातून मुरणं हे यश, बांधाच्या पोटातून पाझरणं हा धोका. हा फरक सगळा दाबाईवर अवलंबून असतो.

आणि दाबाई ही अशी गोष्ट आहे जिथे माणसाचं बळ उघड हरतं. माती वीतभर जाडीच्या थरात पसरून, योग्य ओल आणून, आठ-दहा टनांच्या रोलरनं दाबावी लागते. हातातली धुमस सात-आठ किलोची. ती वरचे दोन-चार बोटं माती बसवते, खालची पोकळच राहते. शंभर माणसांनी शंभर धुमसांनी कुटलं तरी एका रोलरच्या वजनाचा परिणाम खोलवर पोचत नाही, कारण इथे प्रश्न एकूण कामाचा नसून एका जागी एका क्षणी किती भार पडतो याचा असतो.

त्याहून मोठी अडचण पाण्याची होती. काळी माती नीट बसायला तिच्यात वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओल लागते. दुष्काळात ती हाडासारखी वाळलेली. एका घनमीटरला दीडशे ते दोनशे लिटर पाणी घालायला हवं. गाभा दहा हजार घनमीटरचा असेल तर पंधरा ते वीस लाख लिटर. ज्या गावात पिण्याचं पाणी टँकरनं येतंय तिथे बांधाच्या मातीला हे पाणी कोण देणार? तेव्हा कितीतरी बांध कोरडेच रचले गेले. पहिल्या चांगल्या पावसात ते खाली बसले, माथ्याला भेगा पडल्या, आणि मूळ जमीन व नवी माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढू लागलं. राळेगणसिद्धीतला बहात्तरच्या दुष्काळातला पाझर तलाव असाच गळत होता. अण्णा हजारे गावात परतल्यावर तिथे जी पहिली कामं श्रमदानानं झाली त्यांत या तलावाची दुरुस्ती होती. तिथेही पुन्हा माणसाचंच बळ लागलं, पण आता गळती कुठे आहे हे पाहून, थांबून, आपल्या गरजेनं लावलेलं.

सांडव्याचं तसंच. तो बऱ्याचदा कडक खडकात काढावा लागतो. पहार आणि घणानं खडक फोडणारा मजूर दिवसभरात जे काढतो ते पाहून त्याच्या मजुरीचा हिशेबच बसत नाही. सुरुंग, कॉम्प्रेसर आणि जाणता माणूस हवा. तो नसला की सांडवा अरुंद ठेवला जातो, आणि अरुंद सांडव्याचा तलाव मोठ्या पुरात माथ्यावरून वाहून फुटतो. म्हणजे खडक न फोडता आल्याची किंमत अख्खा बांध देतो.

उलट बाजूनं पाहा. पिचिंगचा दगड निवडून, त्याची बैठक बघून, फटीत चीप ठोकून बसवायचा तर हातच लागतो. गाभ्याच्या मातीतून दगड-मुळ्या वेचून काढायला, उतार दोरीला तासायला हात लागतो. यंत्रानं ओतलेल्या बांधात हे सगळं राहून जातं आणि तोही गळतो, वेगळ्या कारणानं.

आराखडा माणसाच्या हाताकडे बघून काढता येतो याचं मोठं उदाहरण शेजारीच आहे. कृष्णेवरचं नागार्जुनसागर धरण १९५५ ते १९६७ या काळात बांधलं गेलं, १२४ मीटर उंच, आणि ते काँक्रीट न ओतता दगडी बांधकामात उभं केलं. हजारो मजुरांनी दगड वाहिले, रचले. दगडी बांधकाम निवडलं म्हणून माणसांचा उपयोग झाला. काँक्रीटचा आराखडा घेऊन त्याला माणसं जुंपली नव्हती.

पोटात काय आहे

०.६ युनिट काम करायला शरीराला त्याच्या चौपट-पाचपट ऊर्जा खर्चावी लागते. स्वतःचं शरीर चालवायला लागणारी वेगळी. जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साडेतीन हजार उष्मांक तरी हवेत, म्हणजे किलोभर ज्वारी. डिझेल संपलं की यंत्र उभं राहतं. माणूस मात्र उपाशीही राबत राहतो आणि आपलंच मांस जाळतो. म्हणूनच माणसाच्या बळावर बांधकाम काढणाऱ्यानं आधी ताटाचा हिशेब केला पाहिजे.

आपल्याच इतिहासात हा हिशेब एकदा क्रूरपणे चुकवला गेला. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा एवढंच वेतन ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, जेमतेम सोळाशे उष्मांक. त्यावर दगडमातीचं काम. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारात त्याविरुद्ध सरकारकडे सतत निवेदनं धाडली. पोट भरत नाही अशा कामापेक्षा काम न करणं शहाणपणाचं, हे त्या मजुरांनी ओळखलं होतं.

बहात्तरला परिस्थिती तशी नव्हती, पण पुरेशीही नव्हती. दिवसाची मजुरी दोन-तीन रुपयांच्या घरात, तीही मोजमापावर. रेशनला अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो, कामावर सुकडी. मजुरी एकट्याच्या ताटापुरती नव्हती, घरी खाणारी तोंडं होती, आणि कमावणारा किलोभर ज्वारी एकटा खाणार नव्हता. याचा परिणाम कामाच्या मापावर होतो. दरसूची धडधाकट माणूस आणि नेहमीची जमीन धरून केलेली. इथे माणूस अशक्त आणि जमीन वाळून कडक. मऊ माती, मुरूम, कडक मुरूम, खडक या वर्गांपैकी ओव्हरसियर कोणता लिहितो यावर संध्याकाळची भाकरी ठरायची. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजायची, मूळ उंची कळावी म्हणून मध्ये मातीचा एक खुंट न खोदता ठेवायचा, आणि टोळीत भागून मजुरी काढायची. मोजमाप लांबलं की पगार लांबला, पगार लांबला की उधारी, आणि उधारीवर मुकादमाची पकड.

या मोजमापाच्या पद्धतीतून एक चांगली गोष्टही निघाली. टोळीला मिळालेल्या रकमेत बाईचा आणि पुरुषाचा वाटा सारखा. शेतात तिला पुरुषाच्या निम्मी मजुरी मिळायची तिथे सरकारी मातीकामावर तिचा हात त्याच्या बरोबरीचा मोजला गेला. रोजगार हमीवर बायकांची संख्या पुढेही मोठी राहिली याचं हे एक कारण. झाडाला बांधलेल्या झोळीतलं पोर आणि कामावर पाळणाघर असावं हा नियम, यांतलं अंतर मात्र पुष्कळ ठिकाणी कधी मिटलं नाही.

कायदा आला, जेसीबी आला

१९७५ मध्ये व्यवसाय कर आला, शहरातल्या पगारदारांकडून रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून. १९७७ मध्ये विधिमंडळानं रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्याच १९७९ मध्ये जेसीबी कंपनीनं भारतात उत्पादन सुरू केलं. कामाचा हक्क आणि त्या कामाचा प्रतिस्पर्धी दोघं एकाच वर्षी आले.

पुढे २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानं मजुराची जागा घेणारी यंत्रं शक्यतो वापरू नयेत असं अनुसूचीत लिहिलं, ठेकेदार बाद केले आणि मजुरी व साहित्याचं ६० ला ४० हे प्रमाण ठेवलं. हेतू योग्य. पण बहात्तरचा धडा त्यात अर्धाच उतरला. कोणत्या टप्प्यावर यंत्र माणसाची जागा घेतं आणि कोणत्या टप्प्यावर ते माणसाचं काम टिकवतं, हा भेद नीट मांडला गेला नाही. रोलर आणि खोदयंत्र एकाच पिंजऱ्यात गेले. मग एकीकडे दाबाईवाचून रचलेले बांध, आणि दुसरीकडे मस्टरवर माणसांची नावं व जागेवर रात्रीचा जेसीबी, अशा दोन्ही तऱ्हा दिसू लागल्या. दुसऱ्या तऱ्हेला मी नुसती फसवणूक म्हणत नाही, ती भुकेल्याच्या मजुरीची चोरी आहे. जेसीबी एका तासात दहा-बारा माणसांचं दिवसभराचं काम उरकतो, म्हणजे त्या रात्रीच्या आठ तासांत शंभर जणांचा दिवस गेला.

२०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. त्यात श्रमदानाचं काम आणि यंत्राचं काम वेगवेगळं मोजलं गेलं. डोंगरावरचे समतल चर हायड्रोमार्कर या समपातळी दाखवणाऱ्या साधनानं रेषा आखून हातांनी, आणि खालच्या मोठ्या रचना यंत्रांनी. पुढे भारतीय जैन संघटनेनं गावांना यंत्रं पुरवली. पण इथे राबणारे हात मजुरीविना होते, आणि ज्याच्या घरी संध्याकाळची सोय आहे त्याचं श्रमदान आणि भूमिहीनाचं श्रमदान सारखं नसतं. चर भूमिहीनानं खणला तरी पाणी विहीरवाल्याच्या विहिरीत उतरतं.

हा प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मजुरांनी ऐंशीच्या दशकातच विचारला होता. आम्ही वर्षानुवर्षं दुष्काळी कामावर रस्ते करतोय, याच हातांनी आमच्या शेताला पाणी का आणू नये? मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदूळवाडी या गावांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण उभं केलं, लोकांचे श्रम, बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचे श्रम आणि नदीच्या वाळूच्या विक्रीतला पैसा घालून. पाण्याच्या वाटपाचा विचार बांधकामाआधी झाला होता आणि त्यात भूमिहीनांचाही वाटा धरला होता. राबणाऱ्याला पाण्यात वाटा आहे हे ठरल्यावर त्याला मजुरी किती आणि यंत्र किती याचा निर्णयही तोच करू शकतो, आणि तो बहुधा बरोबर करतो.

बहात्तरचे कितीतरी तलाव आज गाळानं अर्धे भरले आहेत. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत त्यांतला गाळ पोकलेननं निघतो आणि ट्रॅक्टरनं शेतात जातो. हे काम यंत्राचंच आहे, पल्ला लांब आणि माती भरपूर, इथे कुणाला घमेलं देऊ नये. पण पोकलेनचा दात गाळ संपून मूळ थराला लागतो ती रेषा चालकाला वर बसून दिसत नाही. तिथे पहार घेऊन दर दहा पावलांवर ठोकून बघणारा माणूस हवा, बांधाच्या पायथ्यापासून यंत्र दूर ठेवणारा हवा, निखळलेलं पिचिंग पुन्हा बसवणारी चार माणसं हवीत, आणि सांडव्यात उगवलेली बाभळ मुळासकट काढणारी. हे सगळे दिवस मजुरीचे आहेत, गावातच देता येतील असे, आणि गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात ते डिझेलच्या शेजारी स्वतंत्र ओळीत लिहिले गेले पाहिजेत.